रोग हटत नसला तरी त्रास हटवणारा शेक

‘आता घरी घेऊन जा.’ दवाखान्यातून हे चार शब्द ऐकून परत आलेली कुटुंबे आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. कुणाची आई, कुणाची सासू, कधी अगदी तरुण बहीण. अंगावरून लाल जाते म्हणून दाखवायला नेले, तपासण्या झाल्या, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आणि तो पार पसरलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, हा आता बरा होणार नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला की आता काहीच करता येणार नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गर्दीच्या ओ.पी.डी.त ते समजावून सांगायला कुणाला सवड नसते, आणि विचारायला आपल्याला धीर होत नाही.

रोग बरा होणार नाही हे खरे असू शकते. पण वाहणारे रक्त थांबवता येते, कळ कमी करता येते, वास कमी करता येतो. त्यासाठी थोडक्या दिवसांचा किरणोपचार असतो. डॉक्टर त्याला पॅलिएटिव्ह रेडिओथेरपी म्हणतात, म्हणजे त्रास शमवण्यापुरते रेडिएशन. आपल्याकडे कुणी त्याला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट देणे’ म्हणतात. मी इथे शेकच म्हणतो.

हा विषय बायकांचा, त्यावर एका कारकुनाने काय लिहावे, असे कुणाला वाटेल. पण सुट्टीच्या दिवशी, आणि पुष्कळदा रजा टाकून, मी वस्तीतल्या रुग्णांबरोबर इस्पितळांच्या रांगांत उभा राहत आलो आहे. तिथे जे पाहिले आणि डॉक्टरांना, नर्सबाईंना विचारून जे समजले तेवढेच मांडतो. मी बी.कॉम. झालेला माणूस; औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण काय विचारायचे, हे तरी आपल्या घरांत ठाऊक असायला हवे. शिवाय हा त्रास एकट्या बायकांचा नाही. मूत्राशय, गुदाशय आणि पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी ही सगळी ओटीपोटातलीच ठिकाणे. तिथला कॅन्सर वाढला की पुरुषालाही लघवीवाटे, शौचावाटे रक्त जाते. फरक एवढाच की पुरुषाचे दुखणे घरात लवकर बोलले जाते.

वाढलेला म्हणजे असाध्य नव्हे

सगळ्यात आधी डॉक्टरांना एक प्रश्न सरळ विचारावा : “हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या खालोखाल गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर येतो. आपल्याकडच्या बायका दाखवायला येतात तेव्हा तो बहुधा आजूबाजूला वाढलेला असतो. तरीही वाढलेला प्रत्येक रोग हाताबाहेर गेलेला नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या (‘तीन बी’ म्हणतात त्या) ८५० स्त्रियांवर अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाले. नुसता शेक घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, आणि शेकाबरोबर आठवड्याला किमोचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. तिसरा टप्पा, आणि तरी निम्म्याच्या आसपास! म्हणून ‘फार वाढलाय’ एवढे ऐकून कुणी बाईला घरी आणू नये. बरा करण्याचा उपचार लांबलचक असतो. बाहेरून पंचवीसच्या आसपास शेक, शिवाय आतून दिले जाणारे शेक. तो अर्ध्यावर सोडणे म्हणजे हातचे घालवणे आहे.

पण रोग यकृतात, फुप्फुसात, हाडांत गेला असेल, एकदा उपचार होऊन पुन्हा उलटला असेल, किंवा रुग्णाचे अंग एवढे खंगले असेल की लांबचा उपचार सोसणारच नाही, तर हेतू बदलतो. तिथून हा दुसऱ्या प्रकारचा शेक सुरू होतो.

थोडा शेक कसा पुरतो?

ओटीपोटातली गाठ वाढते तेव्हा तिच्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. गाठीचा पृष्ठभाग सडतो, वाहिन्या उघड्या पडतात आणि रक्त वाहते. गाठ मागे मणक्याकडच्या नसांवर दाबली की कंबरेतून मांडीपर्यंत कळा येतात. पुढे मूत्रनलिका दाबल्या की लघवी मूत्रपिंडातच तुंबते.

किरण गाठीतल्या पेशी मारतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. गाठीचा समूळ नाश करायचा तर मोठी मात्रा लागते. पण रक्त थांबवण्यासाठी, दाब हलका करण्यासाठी तेवढी लागत नाही. या किरणांच्या मापाला ‘ग्रे’ म्हणतात. जसे धान्याला किलो, तसे किरणांना ग्रे. बरे करण्यासाठी बाहेरून ४५ ते ५० ग्रे आणि वर आतून वेगळे द्यावे लागतात. त्रास शमवण्यासाठी एकाच बैठकीत ८ किंवा १० ग्रे देतात, नाही तर पाच बैठकांत २०, नाही तर दहा बैठकांत ३०. शेकानंतर रक्त पुष्कळदा काही दिवसांतच आटू लागते. दुखणे मात्र सावकाश उतरते, दोन-तीन आठवडेही लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत कळ थोडी वाढूही शकते. म्हणून शेक घेतला की दुखण्याच्या गोळ्या लगेच बंद करू नयेत.

एकाच वेळी १० ग्रे देऊन महिन्या-महिन्याने तसेच आणखी दोनदा द्यायचे, अशी पद्धत पूर्वीपासून आहे. पण पुढे अमेरिकेत दिसून आले की असे तीनदा देऊन जे रुग्ण जास्त काळ जगले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या आतड्याला नंतर गंभीर इजा झाली. मग तिथल्या डॉक्टरांनी मात्रेचे तुकडे केले : सकाळ-संध्याकाळ मिळून दोन दिवसांत चार शेक, प्रत्येकी ३.७ ग्रे, म्हणजे एकूण १४.८. काही आठवडे थांबायचे, रुग्णाला मानवले तर पुन्हा, आणि असे तीन वेळापर्यंत. त्रास तेवढाच कमी, आतड्याची इजा कमी. हे तपशील मुद्दाम दिले, कारण ‘एकच शेक दिला, म्हणजे गरिबाला वाटेला लावले’ असा संशय आपल्या लोकांच्या मनात येतो. कधी कधी तसा अनुभव येतोही, नाही म्हणत नाही. पण एक शेक म्हणजे अर्धवट उपचार असे समजू नये. ज्या बाईच्या हाती थोडेच महिने उरले आहेत तिचे त्यातले दोन आठवडे इस्पितळाच्या बाकावर घालवायचे की नाही, असा तो हिशेब आहे.

हिशेब माझ्या सवयीचा, म्हणून आणखी थोडा करतो. शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी मशीन बंद असते. त्यामुळे दहा शेक म्हणजे दोन आठवडे. रोज रुग्णाबरोबर एक माणूस, म्हणजे दहा दिवसांची एका माणसाची मजुरी बुडाली. रक्त जाणाऱ्या बाईला लोकलच्या गर्दीत नेता येत नाही, म्हणजे रिक्षा नाही तर टॅक्सी. गावाहून आलेले असाल तर राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. म्हणून घाबरत घाबरत का होईना, विचारावे : “डॉक्टरसाहेब, आम्ही लांबून येतो, रोजंदारीवर आहोत. कमी बैठकांत हेच होईल का? कमी केल्याने आईचे काही नुकसान होईल का?” डॉक्टर रागावत नाहीत. उलट घरची परिस्थिती कळली तर त्यांना बेत नीट आखता येतो. मात्र रुग्ण अंगाने बरा असेल, पुष्कळ महिने जगेल असे दिसत असेल, तर तेच जास्त बैठका सुचवतील. तेव्हा हट्ट धरू नये.

कॅलेंडरवरच्या खुणा

आमच्या शेजारच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी होत्या. वय साठीच्या आसपास. एका इस्पितळाने त्यांना घरी न्यायला सांगितले तेव्हा दिवसाला सात-आठ कापडे बदलावी लागत. अंगात रक्त राहिले नव्हते, चेहरा कागदासारखा पांढरा. त्यांची सून सातवीपर्यंत शिकलेली, पण मोठी हुशार. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज कापडांचा आकडा लिहायची आणि रात्री दुखण्याने किती वेळा उठल्या तेवढ्या रेघा ओढायची. दुसऱ्या इस्पितळात आम्ही ते कॅलेंडरच गुंडाळून नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा पाहिले. म्हणाल्या, “रिपोर्टांत मला हे सापडलं नसतं.” आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि मग एकच शेक दिला.

पाचव्या दिवशी सात कापडांची तीन झाली, दुसऱ्या आठवड्यात एक. दुखण्याच्या गोळ्या चालूच होत्या. मावशी त्यानंतर चार महिने होत्या. त्यातले पहिले तीन महिने त्या दारात बसून तांदूळ निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या. एकदा एस.टी.ने बहिणीकडे जाऊन आठ दिवस राहून आल्या. परत येताना त्यांनी माझ्यासाठी शेंगांची पिशवी आणली, आणि मी पैसे देऊ लागलो तेव्हा मला चांगलेच झापले. रोग तसाच होता, वाढतही होता. ज्यांना हे चार महिने थोडे वाटतात त्यांनी आधीची आठ कापडे आठवावीत.

त्या सुनेची पद्धत प्रत्येक घराने उचलावी अशी आहे. दिवसाला कापडे किती, रात्री किती वेळा उठावे लागले, लघवी किती वेळा झाली, जेवण किती गेले, एवढे टिपून ठेवले तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांत नेमके सांगता येते.

ऐकीव भीती

शेकाने अंग भाजते, केस जातात, घरातल्या लहान पोरांना बाधा होते, असे नाना प्रकार सांगितले जातात. बाहेरून दिलेल्या शेकाने रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. मशीन बंद झाले की संपले. आजीने नातवाला मांडीवर घ्यावे. डोक्यावरचे केस जात नाहीत, कारण किरण ओटीपोटावर पडतात. मशीन अंगाला लागत नाही आणि शेक चालू असताना दुखत नाही. टेबलावर काही मिनिटे न हलता पडून राहावे लागते, त्या वेळी खोलीत दुसरे कुणी थांबत नाही. बाईला हे आधी सांगून ठेवावे, नाही तर दार बंद झाले की ती घाबरते. त्याआधी एक दिवस आखणीचा असतो. सी.टी. स्कॅन काढतात, कातडीवर शाईच्या खुणा करतात. त्या खुणा घासून धुऊ नयेत.

त्रास होतो तो असा : जुलाब, मळमळ, लघवीला जळजळ, थकवा. बहुधा थोड्या दिवसांत ओसरतो. जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी, ओ.आर.एस., मऊ भात-वरण द्यावे आणि शेकाच्या विभागात कळवावे. तिथे त्यावर औषध देतात.

ऐकीव भीतीचाच दुसरा प्रकार म्हणजे गंडे-अंगारे. ‘घरी न्या’ म्हटल्यावर जी पोकळी होते तिथे हे लोक शिरतात. मोठ्या इस्पितळाच्या फाटकाबाहेरही त्यांचे हस्तक उभे असतात. आईसाठी काही तरी करायचेच आहे, ही मुलाची तडफड खरी असते, आणि तीच ते विकत घेतात. बायकोचे मंगळसूत्र मोडून अशा माणसाला पैसे दिलेले मी पाहिले आहेत. त्याच आठवड्यात इस्पितळात शेक मिळाला असता.

वास, विटाळ आणि वेगळे ताट

सडलेल्या गाठीला वास येतो. त्या वासाने बाई स्वतःलाच तोंड दाखवू शकत नाही. घरातली माणसे तिला बाहेरच्या खोलीत नेऊन निजवतात, ताट-पेला वेगळा करतात. कॅन्सर ताटातून, पेल्यातून, अंथरुणातून लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वेगळे भांडे आणि वेगळा पाणवठा सोसला त्यांच्या घरात आईचे ताट वेगळे होते, याहून लाजिरवाणे काय असेल?

वासावर उपाय आहे. तो जंतूंमुळे येतो, आणि शेकाने गाठ सुकली की कमी होतो. शिवाय मेट्रोनिडॅझोल नावाचे साधे, स्वस्त औषध आहे. पोटातून घ्यायचे की वरून लावायचे ते डॉक्टर ठरवतात. लाज सोडून ‘वास येतो’ एवढे सांगावे. सांगितले नाही तर चिठ्ठीवर ते औषध येत नाही.

दुखण्यासाठी मॉर्फीन असते. गोळीच्या रूपात ते ठरावीक वेळाने, कळ येण्याआधीच द्यायचे असते. ‘अफूची गोळी, सवय लागेल’ म्हणून पुष्कळ घरांत ती कपाटात पडून राहते आणि बाई विव्हळत असते. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनची चटक लागण्याची भीती फारच थोडी; बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध बरोबरच मागावे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ते सोपे केले. तरी अजून ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मान्यता असलेल्या इस्पितळातच मिळते. तेव्हा गावी परतण्याआधी पुरेशा गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी बरोबर घ्यावी.

शेक केव्हा नको

एकदा पूर्ण मात्रेचा शेक झालेल्या जागी पुन्हा देताना डॉक्टर फार जपून पावले टाकतात, कधी नकारही देतात. तो नकार हलगर्जीपणाचा असेलच असे नाही. मूत्राशय किंवा आतडे फाटून लघवी, संडास पुढच्या वाटेने येऊ लागली असेल तर ते भोक शेकाने बुजत नाही. आणि शेवटचे थोडेच दिवस उरले असतील, बाई शुद्ध-बेशुद्ध होत असेल, तर तिला उचलून मशीनकडे नेऊ नये. शेकाचा गुण यायलाही काही दिवस जावे लागतात, ते तिच्याजवळ नसतात. तेव्हा औषधाने झोप, ओल्या फडक्याने ओठ पुसणे, आणि घरातले कुणी तरी उशाशी.

एक गोष्ट मात्र तातडीची. रक्त एकदम धो-धो सुरू झाले तर शेकाच्या तारखेची वाट पाहू नये. जवळच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावे. तिथे आतून पट्टी भरून रक्त अडवतात, रक्त चढवतात, आणि मग शेकाची घाई करता येते.

कुठे, आणि काय घेऊन

परळचे टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झाले. त्याचेच दुसरे केंद्र खारघरला आहे. पण प्रत्येकाने मुंबईच गाठावी असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय येथे शेकाची सोय आहे. त्रास शमवणाऱ्या शेकाला अतिमहागडे मशीनच लागते असेही नाही. साध्या कोबाल्टच्या मशीनवर तो चांगला देता येतो, आणि आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे तसे देशी मशीन तयार केले आहे. घराजवळचे केंद्र असेल तर दर वेळी आईला दोनशे मैल हिंदकळवावे लागत नाही.

मुंबईत राहायचे झाले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची सोय होते. जागा कमी आणि मागणारे फार, म्हणून इस्पितळातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आधी मिळवावी. त्याच विभागात रेल्वे सवलतीचा फॉर्म मिळतो; रुग्णाला आणि बरोबरच्या एका माणसाला सवलत असते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट घेऊन योजनेच्या टेबलावरच्या ‘आरोग्यमित्रा’ला गाठावे. आधी पैसे भरून मागून योजनेत बसवू म्हणाल तर पुष्कळदा बसत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे. आधी शेक झाला असेल तर तो कुठे, केव्हा, किती ग्रे दिला त्याचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर नवे डॉक्टर पुढचे ठरवू शकत नाहीत. प्रत्येक कागदाची झेरॉक्स करून मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घरी ठेवावी.

घरी सांभाळणे अशक्य झाले तर वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र आहे, १९९७ पासून. दोन्ही ठिकाणी पैसे घेत नाहीत. वारज्याला घरचे माणूस रुग्णाजवळ राहू शकते, जखम कशी धुवायची, गोळ्या कशा द्यायच्या हे त्याला शिकवतात, आणि पुष्कळ रुग्ण थोडे सावरून पुन्हा घरी जातात. जाताना इस्पितळाची फाईल, चालू गोळ्या आणि तुम्ही ठेवलेली टिपणे बरोबर न्यावीत.